मोडशीचं मूळ घर



आज एका शब्दापासून सुरुवात करते. मोडशी. ज्यांच्या घरात सत्तरी-ऐंशीची आजी आहे त्यांनी हा शब्द नक्की ऐकला असेल. माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी, असं शब्दांचे जाणकार सांगतात. कुठे पटकी म्हणतात, कुठे वाखा, आणि आता सगळीकडे कॉलरा. आजीच्या तोंडची प्रत्येक मोडशी म्हणजे कॉलराच असं नाही, साधं अपचनही त्यात येतं. पण शब्द जुना आहे आणि त्याने खूप प्रवास केलाय. १५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लिहिणारा गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य. त्यात या उलटी-जुलाबाच्या आजाराचं वर्णन आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही दिलंय, तो आपलाच शब्द. पोर्तुगिजांनी त्याचं 'मोर्देशी' केलं. फ्रेंचांच्या तोंडी तो 'मोर द शियां' झाला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'कुत्र्याचं मरण'! हाच ऑर्ता, ज्याला पोर्तुगिजांनी मुंबईचं बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं. मुंबईचा एके काळचा भाडेकरू म्हणा ना.

मी मुंबईत मरोळला राहते, बचत गटांचं काम बघते. इतिहास घेऊन बीए केलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट आली की ती आधी कशी होती हे शोधायची खोड लागलीय. पाण्याच्या आजारांवर गटात बोलायचं ठरलं तेव्हा मी कॉलराचा इतिहास वाचायला घेतला. राजे-रजवाडे, फौजा, जत्रा असं काही हाती लागेल असं वाटलं होतं. तेही लागलं. पण वाचता वाचता मी पोहोचले समुद्रात.

आधी जमिनीवरचं सांगते. १८१७ साली बंगालमध्ये जेसोर भागात या रोगाची मोठी साथ उठली. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रजांची फौज पेंढाऱ्यांच्या आणि मराठ्यांच्या मागावर बुंदेलखंडात होती, तिच्या छावणीत हा रोग शिरला आणि हजारो माणसं मेली. नुसते शिपाई नाहीत, सामान वाहणारे, गवत कापणारे, स्वयंपाकी, त्यांच्या बायका. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच साली, रोग दख्खनेतून मुंबईला पोहोचला. तिथून पुढे जहाजांतून आणि काफिल्यांतून तो जगभर फिरला. शंभर-सव्वाशे वर्षांत अशा सहा जागतिक साथी झाल्या.

गावोगावच्या बायकांना तेव्हा एकच प्रश्न पडत असणार: हा येतो कुठून आणि जातो कुठे? आज गावात चार चिता पेटतात, आणि दोन महिन्यांनी रोगाचं नाव नाही. मग पुढच्या साली पुन्हा हजर. लोकांनी आपल्या परीने उत्तर काढलं. मरीआईचा कोप झालाय, तिला ओटी भरून, गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर पोचवायचं. पुढच्या गावाने तो गाडा आणखी पुढे ढकलायचा. मरोळहून कुर्ल्याकडे जाताना साकीनाक्याच्या पुढे एक वस्ती आहे, तिचं नावच जरीमरी. तेही त्याच देवीचं नाव. आज तिथे रिक्षा, गोडाऊन आणि माणसांची दाटी आहे, नाव उच्चारताना कोणाला साथीची आठवणही येत नाही.

या समजुतीला मी हसणार नाही. रोग एका गावातून दुसऱ्या गावात सरकतो, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. तो नाहीसा होत नाही, कुठेतरी जाऊन बसतो, हेही बरोबर होतं. कुठे बसतो एवढंच माहीत नव्हतं. आणि ते बड्या बड्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. १८८३ च्या शेवटी रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर कोलकात्याला आला. रोग्यांच्या आतड्यात आणि तलावाच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. त्याचं शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी. (इटलीतल्या पाचिनी नावाच्या माणसाला तो तीस वर्षं आधीच दिसला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.) त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं बहुतेक शास्त्रज्ञ असंच धरून चालले की या जंतूचं घर म्हणजे माणसाचं पोट. माणसाकडून पाण्यात, पाण्यातून माणसात. दोन साथींच्या मध्ये तो कुठे असतो याचं नीट उत्तर कोणाकडे नव्हतं.

ते उत्तर शोधलं एका बाईने. अमेरिकेतल्या रीटा कोलवेल. १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की अमेरिकेच्या एका मोठ्या खाडीत हा जंतू राहतोय, आणि आसपास कॉलराची साथ वगैरे काही नाही. खाडी म्हणजे नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी मिसळतं ती जागा, निमखारी. पुढे बांगलादेशचे अन्वर हक आणि त्यांनी मिळून आणखी एक गोष्ट दाखवली. हा जंतू पाण्यात नुसता तरंगत नाही, तो पाण्यातल्या बारीक बारीक कवचाच्या जिवांना चिकटून राहतो. ते जीव इतके लहान की डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या मैत्रिणींना हे समजायला सोपं आहे. आमच्या मरोळच्या बाजारात सुकी मासळी येते: बोंबील, सोडे, जवळा. जवळा निवडताना बोटांना टोचतं ते कवच. तसल्याच पदार्थाचं कवच या बारीक जिवांना असतं, त्याला कायटिन म्हणतात. कोळंबी, खेकडा, जवळा, सगळ्यांच्या कवचात ते असतं. हा जंतू त्या कवचाला धरून बसतो आणि तेच खातो. भिंतही तीच आणि भाकरीही तीच. घाबरू नका, वाळवलेल्या जवळ्याचा यात दोष नाही. कोरडेपणा या जंतूला सोसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा सारा इतिहास नव्याने उजळला तो २००० साली. त्या वर्षी या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा जनुकांचा लेखाजोखा, वाचून छापला गेला. जीनोम म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, फक्त चार अक्षरांत लिहिलेला. कसं जगायचं, काय खायचं, संकटात काय करायचं, सगळं त्यात. माणसाचा मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. कॉलराच्या जंतूचा चाळीस लाख. साध्या जंतूंकडे बहुतेक वेळा एकच वही असते. याच्याकडे निघाल्या दोन, एक मोठी, एक लहान. रोजच्या जगण्याच्या मुख्य सूचना मोठ्या वहीत. लहान वहीत इतर गोष्टींबरोबर एक गाठोडंच आहे, इकडून-तिकडून गोळा केलेल्या जनुकांचं. आपण नाही का घरात दोऱ्या, डबे, जुन्या फडक्यांचा गठ्ठा ठेवतो, कधीतरी लागेल म्हणून. तसं.

गोळा केलं कुठून? इथे पुन्हा ते कवच येतं. २००५ साली शास्त्रज्ञांना दिसलं की जंतू कवचावर बसला की त्याच्यात एक खास यंत्रणा जागी होते, आणि आजूबाजूला पडलेले दुसऱ्या जंतूंच्या मजकुराचे तुकडे तो आत ओढून घेतो. नंतर कळलं की तो वाट बघत बसत नाही. त्याच्याकडे भाल्यासारखं एक हत्यार असतं, ते शेजारच्या जंतूत खुपसून त्याला मारतो आणि सांडलेला मजकूर उचलतो. शेजारधर्माचं नावच नको!

आणि सगळ्यात मोठी उसनवारी तर वेगळीच आहे. कॉलरात माणसाच्या अंगातलं पाणी झरझर निघून जातं, जोरात असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. हे करतं त्या जंतूचं विष. आतड्यात हे विष काम करतं, हे १९५९ मध्ये कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी साध्याशा प्रयोगशाळेत सिद्ध केलं. पण विषाची कृती जंतूची स्वतःची नाही. जंतूंनाही विषाणू लागतात, तसल्या एका विषाणूने ती आणून याच्या वहीत डकवली, असं १९९६ मध्ये उघड झालं. म्हणजे खाडीतले या जातीचे पुष्कळ जंतू तसे निरुपद्रवी. त्यांचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, त्यांतले दोनच मोठ्या साथी पसरवतात. दुसऱ्या प्रकाराचा जन्म तर आपल्या डोळ्यांदेखत झाला. १९९२ मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, नवीन कॉलरा दिसला. ज्यांना आधी कॉलरा होऊन गेला होता अशी मोठी माणसंही त्याने आजारी पडायला लागली. मजकूर तपासल्यावर कळलं की जंतू जुनाच होता, वरचं पांघरूण ठरवणारा मजकुराचा तुकडा तेवढा बदलला होता. शरीराला ओळख पटली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. पाणी थंड झालं, खायला मिळेना, की हा जंतू आक्रसून गोल होतो आणि झोपतो. मरत नाही. प्रयोगशाळेत वाढवायला गेलं तर वाढत नाही, त्यामुळे तपासणीत पाणी स्वच्छ दिसतं. ही झोप १९८२ मध्ये कोलवेल यांच्या गटाने ओळखली. दोन साथींच्या मधल्या काळात रोग कुठे जातो, याचा अर्धा उलगडा इथे झाला.

दुसरी गोष्ट वाचून मला हसू आलं. हे जंतू कोरम मोजतात. आपल्या बैठकीला किती जणी आल्यात ते आपण रजिस्टरवर बघतो, कोरम नसेल तर ठराव होत नाही. हे जंतू पाण्यात एक द्रव्य सोडतात आणि त्याच्या दाटपणावरून आपण किती जण आहोत ते ताडतात. शास्त्रज्ञांनीही त्याला कोरमचंच नाव दिलंय. थोडे असतील तर चिकट थर करून एकमेकांना धरून राहतात, विष बनवतात. पोटात गर्दी झाली की विष थांबवतात, थर सोडतात आणि जुलाबाच्या पाण्याबरोबर बाहेर पडायची तयारी करतात. त्यांच्या दृष्टीने आपलं पोट म्हणजे वाढायची आणि प्रवासाची सोय. समुद्रातला जीव डोंगरातल्या गावात पोहोचतो तो माणसाच्या पोटात बसून.

डोंगरातलं गाव मी उगाच म्हटलं नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी भागात उघड्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडली, काहींचा जीव गेला. तो कॉलराच होता. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब.

हा माग काढायलाही जीनोम कामाला येतो. जंतू वाढताना त्याच्या मजकुरात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं, नकलून काढताना आपल्याकडून चूक होते तसं. दोन गावांतल्या जंतूंच्या चुका सारख्या असतील तर ते जवळचे नातलग. सध्या चालू असलेली सातवी जागतिक साथ १९६१ मध्ये इंडोनेशियात दिसली. २०११ साली जगभरातून जमवलेल्या दीडशेहून जास्त नमुन्यांचा मजकूर ताडून बघितला, तर ते सगळे १९५० च्या दशकातल्या एकाच पूर्वजाचे वंशज निघाले, आणि बंगालच्या उपसागराच्या भागातून तीन लाटांत बाहेर गेलेले. हैती नावाच्या गरीब देशात जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला, जो तिथे शंभर वर्षांत कोणी पाहिला नव्हता. समुद्रातून आला की माणसांनी आणला, असा वाद सुरू झाला. मजकूर वाचला तर हैतीचा जंतू आणि नेपाळचा जंतू यांत एक-दोन अक्षरांचाच फरक. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीची घाण नदीत जात होती. तोवर त्या नदीचं पाणी हजारो घरांत पोहोचलं होतं. जवळपास दहा हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. साथ आली की दोष नेहमी गरिबाच्या घाणेरडेपणावर येतो. इंग्रजांच्या कागदांत तो यात्रेकरूंवर होता, आपल्याकडे वस्तीतल्या बायकांवर असतो. इथे अक्षरांनी साक्ष दिली आणि बोट योग्य जागी गेलं.

आता आमच्या नदीबद्दल. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीत जाते. यातला विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते त्याचं. त्याआधी शहर विहिरी-तलावांवर होतं आणि १८५४ च्या टंचाईत हाल झाले होते. म्हणजे शहराला स्वच्छ पाणी देणारं तळं आमच्या अगदी उशाशी, आणि त्याच पाण्याची नदी पुढे गटार होऊन खाडीला मिळते. आमच्याकडे 'मरोळ पाइपलाइन' नावाचा बसस्टॉप आहे. मोठा पाइप जवळून गेला म्हणून घरात नळ येतो असं मात्र नाही, हे वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा. हंडे भरून आणणारी ती, आजारी मुलाचं काढणारीही तीच.

म्हणून शेवटी सांगते ती गोष्ट बायकांची आणि साडीची. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात बायका तळ्याचं, नदीचं पाणी वापरतात. कोलवेल आणि हक यांनी विचार केला, जंतू जर कवचाच्या जिवांना चिकटून येत असेल तर ते जीव गाळून काढले तर? भारी गाळणी परवडणार नाही. मग जुनी सुती साडी घेतली. चार पदरी घडी केली, मडक्याच्या तोंडावर बांधली. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचा धागा फुलतो आणि भोकं बारीक होतात. पासष्ट गावं, सुमारे एक लाख तेहतीस हजार माणसं, तीन वर्षं. २००३ साली निकाल छापला: साडीने पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. मुद्दाम पुरवलेल्या नायलॉनच्या जाळीपेक्षा साडी कणभर सरस ठरली.

आपल्याकडे नळाला, हंड्याला फडकं बांधायची पद्धत जुनीच. पण त्यात काही गोष्टी पाळायला हव्यात. फडकं एकपदरी नको, चार पदर हवेत. गाळून झालं की ते स्वच्छ पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळवायचं, कारण कोरडेपणा या जंतूला सोसत नाही हे मघाशी सांगितलं. ओलं फडकं तसंच बांधून ठेवलं तर आपणच त्याला घर दिलं. आणि साडी जंतूला मारत नाही. सुटे जंतू तिच्यातून पार जातात. विहिरीत गटाराचं किंवा संडासाचं पाणी मुरत असेल तर गाळणं पुरत नाही, तिथे पाणी उकळायला किंवा क्लोरीनचं औषध टाकायलाच हवं. ते ग्रामपंचायतीचं काम आहे, ग्रामसभेत विचारा, विहिरीत शेवटचं औषध कधी टाकलं ते लिहून घ्या.

तरीही कोणाला जुलाब लागलेच तर गेलेलं पाणी परत द्यायचं. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण शेकडा तीसवरून तीन-चारवर आणलं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. ते पाजत पाजतच दवाखान्यात न्यायचं, ओव्याच्या पाण्यावर वेळ घालवायचा नाही.

मतलबच्या गावांत पाच वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले. मधल्या काळात कोणी सांगायला, आठवण करायला आलं नव्हतं. तरी जवळजवळ एक तृतीयांश बायका पाणी गाळत होत्या. आणि ज्या घरांत गाळत नव्हते पण शेजारी गाळत होते, त्या घरांतही कॉलरा कमी आढळला.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गावात या आजाराला काय म्हणत ते मला कळवा. मोडशी, पटकी, वाखा माझ्याकडे आहेत. आणखी असतील. जुन्या बायकांना आताच विचारून घ्या.